रेडिओने सांगितलं म्हणून

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात एका दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीमागे मी बावीस वर्षं काढली. शहर पाच लाख वस्तीचं, पण भोवती द्राक्षं, पीच, बदाम, टोमॅटो यांचे मळे मैलोन् मैल पसरलेले. या मळ्यांत राबणारी बहुतेक माणसं मेक्सिकोतून आलेली, स्पॅनिश बोलणारी. मी सोलापूरची. गेले तेव्हा माझं इंग्रजी कामापुरतं होतं आणि स्पॅनिशचा तर गंधही नव्हता. ती भाषा मी शिकले दोन ठिकाणी, खिडकीवर आणि रेडिओवर. दवाखान्याच्या बाकांशेजारी एक रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि तो बंद करायची कोणाची हिंमत नव्हती.

साठीच्या एक बाई दर महिन्याला मधुमेहाच्या गोळ्या न्यायला यायच्या. मी त्यांना सेन्योरा म्हणायची, त्या मला ‘मीहा’ म्हणायच्या. मीहा म्हणजे पोरी, लेकी. आपण जसं ‘मला साखर आहे’ म्हणतो, अगदी तसंच त्या लोकांतही म्हणतात. त्यांचा ‘आसुकार’ म्हणजे आपली साखरच. तर या सेन्योराबाईंची साखर गोळ्यांना दाद देईना. डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, आता इन्शुलिन घ्या. त्या मान हलवायच्या आणि घरी जायच्या. कारण मला उशिरा कळलं. गावाकडे त्यांच्या थोरल्या बहिणीने इन्शुलिन सुरू केलं आणि वर्षभरात तिची दृष्टी गेली. इन्शुलिनने डोळे जातात, हा समज मेक्सिकन माणसांत इतका पसरलेला आहे की तिथल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना तो रोज भेटतो.

आम्ही त्यांना एक पत्रक दिलं. स्पॅनिशमध्येच होतं ते, पण कुठल्याशा कचेरीत बसून भाषांतर केलेलं. सरकारी मराठीतली परिपत्रकं आठवा, म्हणजे त्या स्पॅनिशची कल्पना येईल. बाईंनी त्याची चौकोनी घडी केली, पिशवीत टाकली आणि गोळ्या घेऊन गेल्या. मग एका सोमवारी त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, “मीहा, ते टोचायचं औषध दे.” मी चकित झाले. आज अचानक कसं काय? तर म्हणाल्या, “लो दिहो एल रादिओ.” रेडिओने सांगितलं.

काय सांगितलं, ते मी त्यांच्याकडूनच काढून घेतलं. फोनवरून प्रश्न विचारायचा कार्यक्रम होता. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये काम करणाऱ्या एका बाईने फोन केला. तिचे डोळे अधू झाले होते. ती म्हणाली, माझी साखर अकरा वर्षं वाढलेली होती, मी इन्शुलिन टाळलं, आणि घेतलं तेव्हा फार उशीर झाला होता. पण शेजारणी म्हणतात इन्शुलिनने घात केला. त्यावर स्टुडिओत बसलेले डॉक्टर म्हणाले, आग लागलेल्या घरासमोर बंब उभा दिसतो, म्हणून आग बंबाने लावली असं कोणी म्हणतं का?

हीच गोष्ट आमचे डॉक्टर तीनदा सांगून चुकले होते. मग आमचं का ऐकलं नाही आणि रेडिओचं का ऐकलं? त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारी माणसं चार कोटींहून अधिक आहेत. त्यांची वर्तमानपत्रं काही कालपरवाची नाहीत. इग्नासिओ लोझानो यांनी १९१३ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात ‘ला प्रेन्सा’ काढलं आणि १९२६ मध्ये लॉस एंजेलिसला ‘ला ओपिनिऑन’. त्याच सॅन अँटोनियोत १९४६ मध्ये राऊल कोर्तेस यांनी स्पॅनिश रेडिओ केंद्र सुरू केलं आणि १९५५ मध्ये दूरचित्रवाणी. आजच्या ‘युनिव्हिजन’ वाहिनीचं मूळ तिथे आहे. आमच्या फ्रेस्नोत ४ जुलै १९८० रोजी ‘रादिओ बिलिंग्वे’ बोलू लागला. त्याचे संस्थापक ह्यूगो मोरालेस यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ओआहाका प्रांतातल्या मिश्तेक आदिवासी कुटुंबातला हा मुलगा, लहानपणी कॅलिफोर्नियात येऊन आईवडिलांबरोबर मळ्यात राबला. पुढे हार्वर्डला जाऊन कायदा शिकला. तिथून कुठल्याही मोठ्या शहरात वकिली करता आली असती; तो परत आला आणि शेतमजुरांसाठी रेडिओ काढला. ओळी उरकता उरकता, शेडमध्ये फळं निवडता निवडता कानावर पडेल असं माध्यम रेडिओच. वाचता न येणाऱ्यालाही ते बंद नाही.

पण नुसतं कानावर पडणं म्हणजे वागणं बदलणं नव्हे. हे कोडं वॉशिंग्टनमधल्या एल्मर वेर्ता या पेरू देशातून आलेल्या कर्करोगतज्ज्ञांनाही पडलं होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या स्पॅनिशभाषक रुग्णांचा कर्करोग हाताबाहेर गेलेला असायचा. त्यांच्या लक्षात आलं की या माणसांना मालिकांतल्या नटनट्यांची आणि फुटबॉलची खडान् खडा माहिती आहे, पण स्वतःच्या शरीराबद्दल काहीच ठाऊक नाही. ही माणसं मठ्ठ नाहीत, मग एक माहिती पोचते आणि दुसरी का पोचत नाही? कारण उघड होतं. मालिका आणि फुटबॉल रोज कानावर येतात, आवडीने येतात. मग आरोग्यही साबणासारखं रोज का विकू नये? १९८९ मध्ये त्यांनी रेडिओवर स्पॅनिश भाषेत छोटा आरोग्यविषयक कार्यक्रम सुरू केला. १९९४ मध्ये त्याला जोडून दवाखाना काढला, तोही कसा, तर ज्यांना काही होत नाही अशांनी तपासून घेण्यासाठी. काही दुखत नसताना डॉक्टरकडे जाणं हे आपल्याकडेही कोणाला पटत नाही. पण रेडिओ ऐकून माणसं येऊ लागली. २००७ मध्ये हेच वेर्ता अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले लॅटिनो.

इथे मला एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. वेर्तांनी आवाज आधी दिला आणि दार नंतर उघडलं, पण दोन्ही दिलं. ‘तपासणी करा’ एवढं सांगणारे पुष्कळ असतात. कुठे, कोणत्या वारी, किती पैसे, सोबत काय न्यायचं, आणि मुख्य म्हणजे तिथे कागदपत्रं विचारतील का, हे सांगणारा विरळा. माझ्या खिडकीवर दहातले सात प्रश्न याच जातीचे असायचे. औषधाबद्दलचे उरलेले तीन.

टेक्सासच्या सीमेवर ईगल पास नावाचं गाव आहे. तिथे १९८०च्या दशकात ‘आ सु सालुद’, म्हणजे ‘तुमच्या आरोग्यासाठी’, या नावाचा सिगारेट सोडवण्याचा एक प्रयोग झाला. आल्फ्रेड मॅकअॅलिस्टर आणि अॅमेली रामिरेझ ही त्यातली जाणती नावं. त्यांनी व्याख्यानं दिली नाहीत, फुप्फुसांची काळी चित्रं दाखवली नाहीत. गावातल्याच माणसांच्या खऱ्या गोष्टी बातम्यांसारख्या दिल्या. अमक्या गल्लीतल्या अमक्याने सिगारेट सोडली. पहिले तीन दिवस कसे गेले, जेवणानंतरची तलफ कशी मारली, बायको काय म्हणाली. आणि याच्या जोडीला गावभर स्वयंसेवक नेमले. ते दुकानात, शेजारीपाजारी विचारत, “काल त्याची गोष्ट ऐकलीस का? मग तू कधी?” या पद्धतीला त्यांनी नाव दिलं ‘वर्तनाची पत्रकारिता’. नाव जरा जडच आहे, पण गोष्ट साधी आहे. माणूस तज्ज्ञाचं ऐकून मान डोलावतो आणि शेजाऱ्याचं बघून वागतो.

लॉस एंजेलिसमध्ये सँड्रा बॉल-रोकीच या प्राध्यापिकेने वस्त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून असंच काहीसं मांडलं. वस्तीतले शेजारी, वस्तीतल्या संस्था आणि वस्तीचं वर्तमानपत्र किंवा रेडिओ, हे तिघं एकमेकांशी बोलत असतील तर माहिती फिरते आणि माणसं हलतात. तिघांपैकी एक जरी गप्प बसला तरी साखळी तुटते. आमचं पत्रक का फसलं ते मला यातून कळलं. त्याच्याबद्दल कोणी कोणाशी बोललंच नव्हतं. रेडिओवरच्या त्या बाईबद्दल मात्र दुसऱ्या दिवशी अख्खी पॅकिंग शेड बोलत होती.

श्रोत्यांपैकी जे पन्नाशी ओलांडलेले आहेत त्यांना १९८४ सालची दूरदर्शनची ‘हम लोग’ आठवत असेल. तिची कल्पना मेक्सिकोतून आली होती. मिगेल साबिदो या निर्मात्याने १९७७ पासून ‘आकोम्पान्येमे’ ही मालिका करून त्यातून कुटुंबनियोजन घराघरांत नेलं, आणि तोच धडा आपल्याकडे गिरवला गेला. तेव्हा स्पॅनिश माणसांची ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. फरक एवढा की मालिकेतलं माणूस खोटं असतं, आणि बातमीतलं माणूस उद्या बाजारात भेटू शकतं.

आता दुसरी बाजू. त्याच रेडिओवर, त्याच गोड आवाजात, दोन गाण्यांच्या मधे जाहिराती लागायच्या. तीस दिवसांत वजन उतरवणारा चहा, साखर मुळापासून घालवणारे थेंब, सांधे नवे करणारी कॅप्सूल. निवेदक स्वतःच्या तोंडाने सांगायचा, माझ्या आईने घेतलं, तिला गुण आला. स्पॅनिश जाहिरातींतल्या अशा खोट्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटलेही भरले. पण खटला संपेपर्यंत बाटल्या विकल्या गेलेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी दोन महिने मधुमेहाच्या गोळ्या बंद ठेवून असे थेंब घेतले. मी रागावले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “ज्याने मला इन्फ्लुएन्झाची लस घ्यायला सांगितली त्यानेच हेही सांगितलं. एक खरं आणि एक खोटं, हे मी कसं ओळखू?” मला उत्तर देता आलं नाही. लहान केंद्रांचा खर्च जाहिरातीवर चालतो, मोठ्या कंपन्या त्यांना जाहिराती देत नाहीत, मग चहावाले आणि थेंबवालेच उरतात. हे मला समजतं. तरी माझा राग गेलेला नाही.

मेक्सिकन घरांत लहान मुलाचं पोट धरलं, अन्न अडकलं, की त्याला ‘एम्पाचो’ म्हणतात. त्यावर दोन चूर्णं देण्याची जुनी चाल होती. एक पिवळं, ग्रेता. दुसरं केशरी, आसार्कोन. ही चूर्णं म्हणजे जवळजवळ निव्वळ शिशाची संयुगं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांमध्ये शिशाची विषबाधा सापडू लागली तेव्हा हे उघडकीला आलं. आई डॉक्टरला हे सांगत नाही, कारण तो हसेल किंवा ओरडेल. अशा वेळी डॉक्टरचा उपयोग थोडा आणि तिच्या भाषेतल्या रेडिओचा मोठा. तो घरात असतो, पण तिच्याकडे रोखून बघत नाही. मी या बायकांना थोडी अडाणी समजत असे, खोटं कशाला बोलू. मग २००४ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अहवाल आला, आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या औषधांतून शिशाची विषबाधा झाल्याबद्दल. त्या संध्याकाळी मी आमच्या न्हाणीघरातलं कपाट उघडलं आणि सोलापुरातून आणलेल्या तीन पुड्या कचऱ्यात टाकल्या. आमच्या भाषेतल्या कुठल्या माध्यमाने मला ते सांगितलं नव्हतं; योगायोगाने मी कामावर वाचलं.

स्पॅनिश रेडिओ माणसं हलवू शकतो याचा सगळ्यांत मोठा पुरावा आरोग्याचा नाहीच. २५ मार्च २००६ रोजी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर स्थलांतरितांच्या कायद्याविरुद्ध पाच लाखांच्या आसपास माणसं उतरली. सकाळच्या कार्यक्रमांचे निवेदक, एरवी विनोद करणारे आणि एकमेकांचे कट्टर स्पर्धक, यांनी ती आणली. पांढरे कपडे घाला, अमेरिकेचा झेंडा आणा, कचरा करू नका, हेसुद्धा त्यांनीच सांगितलं आणि लोकांनी ऐकलं. इंग्रजी वर्तमानपत्रांना दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला की एवढी माणसं आली कुठून.

त्यामुळे ओबामांच्या सरकारला २०१३ साली आरोग्यविमा खपवायचा होता तेव्हा त्यांना या माध्यमांकडे यावंच लागलं. सरकारची स्पॅनिश वेबसाइट इंग्रजीनंतर दोन महिन्यांनी निघाली आणि तिच्यातल्या स्पॅनिशची लोकांनी टिंगल केली. ६ मार्च २०१४ रोजी युनिव्हिजन, तेलेमुंडो आणि ला ओपिनिऑन यांच्या मंचावर ओबामा स्वतः बसले. स्पॅनिश वस्त्यांतला मुख्य प्रश्न हप्त्याचा नव्हताच. मी विमा घेतला आणि माझ्या आईकडे कागदपत्रं नसतील, तर तिला पकडायला येतील का? ओबामांनी सांगितलं, विम्यासाठी दिलेली माहिती त्या कामासाठी वापरली जाणार नाही. हे वाक्य पुढे कित्येक आठवडे आमच्या बाकांशेजारच्या रेडिओवर वाजत होतं. माझ्या डोळ्यांसमोर माणसांनी अर्ज भरले.

या लोकांचं आरोग्याचं पान वेगळं काढताच येत नाही. स्थलांतराची बातमी, मजुरीची बातमी, हीच त्यांची आरोग्याची बातमी. २०१९ मध्ये ट्रम्प सरकारने नियम काढला की सरकारी मदत घेणाऱ्याला कायम वास्तव्याचा परवाना नाकारता येईल. नियम फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झाला आणि मार्च २०२१ मध्ये रद्द झाला. पण त्याआधीच, नुसत्या चर्चेने, ज्यांना तो लागूही नव्हता अशा आयांनी मुलांचे दाखले काढून घेतले. करोनाच्या लशीचंही तेच. २०२१ च्या वसंतात मळ्यांतले मजूर विचारत होते, टोचून घेतल्यावर दोन दिवस ताप आला तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार? लस किती परिणामकारक आहे हे त्यांना कोणी हजारदा सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. मार्चमध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की पंचवीसहून जास्त माणसं कामावर ठेवणाऱ्याने लशीसाठी आणि तिच्या त्रासासाठी भरपगारी रजा द्यावी. रेडिओने ती बातमी दिली आणि आमच्याकडचे फोन वाढले. ज्यांना स्पॅनिशही नीट येत नाही, अशा मिश्तेक मजुरांसाठी ओक्सनार्ड गावात ‘रादिओ इंदिहेना’ त्यांच्याच बोलीत बोलत होता.

हे सगळं रेडिओमुळे झालं असं म्हणताना मी थोडी बिचकते. जो आरोग्याचा कार्यक्रम लावून ऐकतो त्याला मुळातच थोडी काळजी असते. तो कदाचित आपणहूनही आला असता. एकटा आवाज किती आणि बाकीचं किती, हे वेगळं करणं संशोधकांनाही जड जातं. मी फक्त खिडकीवरून जे दिसलं ते सांगते.

२०२२ मध्ये मी पुण्याला परतले. जून २०२५ मध्ये बातमी आली की मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतली माणसांची माहिती स्थलांतर बघणाऱ्या गृहसुरक्षा खात्याला दिली गेली. कॅलिफोर्नियासह वीस राज्यांनी कोर्टात धाव घेतली. २०१४ चं आश्वासन विम्याच्या बाजारपेठेबद्दल होतं आणि ही योजना वेगळी, हे मला कळतं. ऐकणाऱ्याला हा फरक कसा कळावा? त्याच्या लेखी ज्या आवाजाने ‘भरा, भिऊ नका’ म्हटलं, तो आवाज खोटा पडला. निवेदकाने तेव्हा जे खरं होतं तेच सांगितलं होतं, पण शब्द सरकारचा होता आणि पत गेली रेडिओची.

त्या उन्हाळ्यात एकदा रात्री साडेबाराला मी इंटरनेटवर तिकडचं एक केंद्र लावलं. त्यांच्याकडे दुपारचे बारा वाजले होते. एका बाईचा फोन होता. मुलाला दमा, त्याचं पंप मेडिकेडवर मिळतं. मुलगा अमेरिकेत जन्मला, ती नाही. ती विचारत होती, याचं नाव ठेवू की काढू? निवेदक बराच वेळ बोलला नाही. रेडिओवर तेवढी शांतता फार लांब वाटते. मग तो म्हणाला, “सेन्योरा, आज मी तुम्हाला भिऊ नका असं सांगणार नाही. उद्या याच वेळी वकीलबाईंना घेऊन येतो. तोवर काहीही काढू नका, आणि मुलाचं पंप संपत आलं असेल तर आजच भरून आणा.”

दुसऱ्या रात्री मी पुन्हा गजर लावला. वकीलबाई आल्या होत्या. पहिली पंधरा मिनिटं फोनच्या सगळ्या लाइन लागलेल्या होत्या.